कलेक्टरच्या कंटेनर लॉगमध्ये एरर नाही, तरी येगरमध्ये ट्रेस दिसत नाहीत

प्रश्न

डॉकर कंपोजवर तीन कंटेनर आहेत: ॲप, ओपनटेलिमेट्री कलेक्टर (ॲपकडून ट्रेस, म्हणजे विनंतीच्या प्रवासाची नोंद, घेऊन पुढे पाठवणारा; कॉन्ट्रिब इमेज) आणि येगर (ट्रेस दाखवणारं साधन). ॲप जीआरपीसी या प्रोटोकॉलवरून ४३१७ पोर्टला स्पॅन (ट्रेसमधले एकेक टप्पे) पाठवतं. कलेक्टरच्या लॉगमधली शेवटची ओळ ‘एव्हरीथिंग इज रेडी’ ही आहे, त्यापुढे काहीच येत नाही. ‘डॉकर लॉग्ज’ला ग्रेप (ओळी गाळणारी कमांड) लावून ‘एरर’ शोधायला गेलं तर गाळणी न लागता अख्खा लॉग समोर येतो. आत शिरून पाहावं म्हटलं तर ‘डॉकर एक्झेक’ने शेल उघडत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये ओटीएलपी (ओपनटेलिमेट्रीचा स्वतःचा प्रोटोकॉल) रिसीव्हरखाली जीआरपीसी आणि एचटीटीपी एवढंच लिहिलंय, पत्ता दिलेला नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर १

आधी ग्रेपचं. कलेक्टर आपला लॉग स्टँडर्ड एररवर लिहितो आणि पाइपमधून जातं ते फक्त स्टँडर्ड आउटपुट. पाइपच्या आधी २>&१ लावा, गाळणी चालू लागेल. शेल उघडत नाही कारण त्या इमेजमध्ये शेलच नाही. त्यात बिघाड काही नाही.

आता शांततेचं. ‘रेडी’ या ओळीचा अर्थ इतकाच की सेटिंग वाचली गेली आणि सगळे भाग सुरू झाले. डेटा येतोय की नाही, हे ती सांगत नाही. स्पॅन आले आणि नीट पुढे गेले तरी इन्फो पातळीवर कलेक्टर गप्पच असतो, आणि काहीच आलं नाही तरीही गप्पच.

त्या ओळीच्या थोडं वर ‘स्टार्टिंग जीआरपीसी सर्व्हर’ अशी ओळ असेल. तिच्यातला एंडपॉइंट (कलेक्टर ज्यावर ऐकतो तो पत्ता) वाचा. तिथे लोकलहोस्ट किंवा १२७.०.०.१ दिसला तर चोर तोच. आवृत्ती ०.१०४ पासून रिसीव्हरचा डीफॉल्ट पत्ता ०.०.०.० (म्हणजे कंटेनरचे सगळे पत्ते) ऐवजी लोकलहोस्ट झालाय. कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, त्यामुळे शेजारच्या ॲपला दार बंद. कंपोजमध्ये पोर्ट बाहेर काढूनही उपयोग नाही, कारण डॉकर कंटेनरच्या नेटवर्क पत्त्यावर पाठवतो आणि तिथे ऐकणारं कोणी नसतं. एंडपॉइंट ०.०.०.०:४३१७ असा स्पष्ट लिहा, एचटीटीपी वापरत असाल तर ४३१८ साठीही.

उत्तर २

ॲपचा लॉगही पाहा. कलेक्टरपर्यंत न पोचलेल्या विनंतीची नोंद कलेक्टरकडे कुठून असणार? ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हे ॲपच्याच लॉगमध्ये सापडतं. ॲपमधला ओटीएलपी पत्ता लोकलहोस्ट असेल तर तोही चुकीचा. तिथे कंपोजमधलं कलेक्टरच्या सर्व्हिसचं नाव हवं.

पुढची पायरी डीबग एक्स्पोर्टर, म्हणजे आलेले स्पॅन कलेक्टरच्या लॉगमध्ये छापणारा भाग. व्हर्बोसिटी ‘बेसिक’ ठेवली तर प्रत्येक बॅचमागे स्पॅनची संख्या छापून येते, ‘डिटेल्ड’ ठेवली तर स्पॅनमधली प्रत्येक ॲट्रिब्यूट. एक्स्पोर्टर वर जाहीर केला पण सर्व्हिस विभागातल्या ट्रेसेस पाइपलाइनच्या यादीत घातला नाही, तर तो चालत नाही. ही चूक फार होते. जुन्या लेखांमधला ‘लॉगिंग’ एक्स्पोर्टर आता काढून टाकलाय, तो लिहिला तर नवा कलेक्टर सुरूच होणार नाही.

प्रश्नकर्ता

एंडपॉइंट बदलला, डीबगमध्ये स्पॅन दिसायला लागले. पण आता ‘एक्स्पोर्टिंग फेल्ड’ येतंय आणि त्यात ‘फर्स्ट रेकॉर्ड डज नॉट लुक लाइक अ टीएलएस हँडशेक’ असं आहे. पत्ता येगरच्या ४३१७ चाच आहे.

उत्तर १

म्हणजे पहिला टप्पा सुटला. ओटीएलपी एक्स्पोर्टर (येगरकडे पाठवणारा भाग) डीफॉल्टने टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्टेड जोडणी, धरून चालतो आणि तुमचा येगर साध्या जोडणीवर ऐकतोय. एक्स्पोर्टरखाली टीएलएस विभागात ‘इन्सिक्युअर’ ट्रू करा. एकाच डॉकर नेटवर्कमध्ये हे ठीक. वाटेत उघडं नेटवर्क असेल तर प्रमाणपत्र लावा.

‘विल रिट्राय’ असं म्हटलं असेल तोवर डेटा हातातून गेलेला नसतो. डीफॉल्टने पहिला पुनःप्रयत्न साधारण ५ सेकंदांनी, मग अंतर वाढत ३० सेकंदांपर्यंत, आणि ३०० सेकंदांनंतर ती बॅच सोडून दिली जाते. ‘ड्रॉपिंग डेटा’ किंवा ‘सेंडिंग क्यू इज फुल’ दिसलं तर मात्र स्पॅन गेले. अशा वेळी रांग वाढवण्याआधी मागे येगर का अडकलाय ते बघा. मोठी रांग दुखणं फक्त लांबवते, वर मेमरी खाते.

उत्तर ३

लॉगमधल्या ओळी मोजून किती स्पॅन बुडाले याचा हिशोब मांडू नका. कलेक्टर स्वतःच्या लॉगचंही सॅम्पलिंग करतो: एकच मजकूर १० सेकंदांत १० वेळा छापल्यावर पुढे दर शंभरातला एकच छापतो. खरा आकडा ८८८८ पोर्टवरच्या त्याच्या मेट्रिक्समध्ये मिळतो (तो पत्ताही लोकलहोस्टवर अडकलेला असू शकतो). तिथे रिसीव्हरने स्वीकारलेले आणि नाकारलेले, तसंच एक्स्पोर्टरने पाठवलेले आणि पाठवता न आलेले स्पॅन वेगवेगळे मोजलेले असतात. स्वीकारलेले वाढतायत आणि पाठवलेले थबकलेत, तर अडचण पुढच्या टोकाला.

आणखी एक: कंटेनर मध्येच मरून परत उठत असेल तर लॉगमध्ये कारण सापडेलच असं नाही. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये एक्झिट कोड १३७ आणि ‘ओओएमकिल्ड’ ट्रू दिसलं तर मेमरी संपल्यामुळे कर्नलने त्याला मारलंय, आणि मरणाऱ्याला शेवटची ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. मेमरी लिमिटर प्रोसेसर पाइपलाइनमध्ये सगळ्यांत आधी ठेवा, चेक इंटरव्हल १ सेकंद, आणि मर्यादा कंटेनरच्या मर्यादेपेक्षा कमी. सेटिंग बदलल्यावर ‘डॉकर रीस्टार्ट’ केलं तर जुना लॉग राहतो. कंपोजने कंटेनर नव्याने बनवला तर जातो, म्हणून आधी लॉग फाइलमध्ये उतरवून घ्या. कुबरनेटीसवर असाल तर ‘क्यूबसीटीएल लॉग्ज’ला ‘--प्रीव्हियस’ जोडल्यावर मेलेल्या कंटेनरचा लॉग मिळतो.

प्रश्नकर्ता

इन्सिक्युअर लावल्यावर येगरमध्ये ट्रेस आले. डीबग एक्स्पोर्टर पाइपलाइनमधून काढून टाकतोय, ‘डिटेल्ड’वर लॉगची फाइल भराभर फुगत होती.

उत्तर ३

काढाच. आणि डॉकरच्या जेसन-फाइल ड्रायव्हरला ‘मॅक्स-साइझ’ लावून ठेवा. डीफॉल्टने त्यात रोटेशन नसतं, डिस्क भरेपर्यंत तो लिहीत राहतो.