'फॅमिली व्हॅल्यूज'ला मराठीत काय म्हणाल?

अमळनेरकर (धागाकर्ता): मंडळी, एके ठिकाणी अडलोय. पुतणीच्या कॉलेजात १५ मेच्या आंतरराष्ट्रीय कुटुंबदिनानिमित्त वादविवाद आहे. विषय इंग्रजीत आलाय, फलक मराठीत रंगवायचाय. मी लिहून दिलं: 'भक्कम कौटुंबिक मूल्यांनी जगाचे प्रश्न सुटतील का?' घरात मोठ्याने वाचून दाखवलं, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कुटुंबनं मोल? कोन इकी ऱ्हायना रे बायकोले?" म्हणजे बायकोला कोण विकतंय, असं अहिराणीत विचारत होती. हसलो, पण तिचं चूक नाही. 'आमचं कुटुंब माहेरी गेलंय' असं वडील जन्मभर म्हणायचे. आणि मूल्य म्हणजे शेवटी किंमतच. दुसरं काही सुचवा. फलकवाला शनिवारी येतोय.

शब्दखोर: 'संस्कार'. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

केळीवाला यावल: संस्कार आम्ही केळीच्या बेण्यावर करतो. कंद औषधात बुडवायचे, मग लावायचे. पोरं कशात बुडवायची तेवढं सांगा.

शब्दखोर: बीजसंस्कार हा त्याच शब्दाचा विस्तार आहे, थट्टा करू नका. सम् + कृ. नीट करणं, निगुतीनं घडवणं. 'संस्कृत' तिथूनच आलं. आणि 'भक्कम' भिंतीला म्हणतात, मूल्याला नाही. इंग्रजी विशेषण उचलून मराठीच्या डोक्यावर ठेवू नये.

पुण्यातली खान्देशी: संस्कार नको. 'तिच्यावर संस्कारच नाहीत' हे वाक्य मी लग्नाच्या बैठकीत शंभरदा ऐकलंय, एकदाही मुलाबद्दल नाही. बाकी 'फॅमिली व्हॅल्यूज'ही तितकंसं सोवळं नाही. १९९२ च्या अमेरिकी निवडणुकीत उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी ते प्रचारात वापरलं, तेव्हापासून त्याला राजकीय वास आहे. अगदी नेमका प्रतिशब्द केलात तर तो वासही सोबत येईल.

धुळेकर मास्तर: एवढं कशाला? 'वसुधैव कुटुंबकम्' लिहा. २०२३ ला दिल्लीच्या जी-२० परिषदेचं ब्रीद तेच होतं. त्यात जगही आलं, कुटुंबही आलं.

पुण्यातली खान्देशी: मास्तर, हितोपदेशात तो श्लोक कोणाच्या तोंडी आहे ते बघा. कोल्ह्याच्या! हरणाशी मैत्री जोडून त्याला खायचं असतं, म्हणून 'हा आपला, तो परका असं हलक्या मनाचे लोक मोजतात' असं तो गोड गोड बोलतो.

धुळेकर मास्तर: महोपनिषदातही आहे. तिथे कोल्हा नाही.

केळीवाला यावल: कोल्ह्यावरून आठवलं. आमच्या आजोबांच्या विहिरीवर तिघा भावांची पाळी होती. पाण्याच्या पाळीवरून शिव्या व्हायच्या, पण पाणी पुरायचं. वाटण्या झाल्या आणि प्रत्येकाने आपापल्या पोरांसाठी बोअर मारली. आज तिन्ही बोअर खोल गेल्यात आणि विहीर कोरडी. कुटुंबावर प्रेम कोणाचंच कमी नव्हतं, उलट त्यापायीच झालं हे. जगाच्या पाण्याचा प्रश्न कुटुंबप्रेमाने सुटतो म्हणणाऱ्याने आमच्या मळ्यात येऊन बघावं.

अमळनेरकर (धागाकर्ता): भाऊ, मला शब्द हवाय, वादाचं उत्तर पुतणी देईल.

शब्दखोर: ही तर सरळ भाऊबंदकी झाली.

केळीवाला यावल: भाऊबंदकी म्हणजे भांडण, हे पुण्याच्या वर्तमानपत्राचं मराठी. आमच्याकडे 'सगळी भाऊबंदकी जेवायला होती' म्हणतात. सगे, बस. आमच्यातल्या चांगल्या शब्दाला तुम्ही कोर्टात नेलं.

शब्दखोर: भांडणाचा अर्थ पुण्याने काढलेला नाही, तो जुना आहे.

केळीवाला यावल: जुना असेल. जेवायला कोणता येतो ते सांगतोय.

शहादेकर: मला 'घरचा माणूस' खटकतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचं) वर्ष संपतं, नव्या वर्षाचा सौदा ठरतो. वडील दरवर्षी म्हणायचे, 'तू तर घरचाच, तुझ्याशी काय घासाघीस.' आणि शेजारच्यापेक्षा दोन पोती कमीच द्यायचे. लहानपणी मला तो जिव्हाळा वाटायचा.

पुण्यातली खान्देशी: हे फलकावर लिहा!

धुळेकर मास्तर: एका उदाहरणाने घराला नावं ठेवू नका. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवत, छात्रालयातल्या मुलांचं सगळं आईच्या मायेने करत. त्याच मायेतून १९४७ ला पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले. हीच ती मूल्यं.

शहादेकर: गुरुजींनी लग्न केलं नव्हतं, मास्तर. रक्ताच्या घराबाहेर त्यांनी आईची माया केली, हे त्यांचं मोठेपण. 'कौटुंबिक' या शब्दात ते मावत नाही. धडगावकडे पावरा आदिवासींत 'लाहा' असतो. एकाच्या शेतात सगळं गाव राबतं, तो जेवू घालतो, मजुरीचा प्रश्न नसतो. त्यात सगा कोण, परका कोण, मोजत नाहीत.

शब्दखोर: म्हणजे इर्जिक. मराठीत आहे ना शब्द.

शहादेकर: लाहा आहे, इर्जिक नाही. पावरी शब्द आला की तुमचं प्रमाण मराठी लगेच त्याचं नाव बदलतं.

अमळनेरकर (धागाकर्ता): फलकवाला दारात आहे. 'घरची शिकवण' लिहू का? आईला कळलंय.

शब्दखोर: शिकवण म्हणजे उपदेश. 'वळण' बरं.

केळीवाला यावल: वळण म्हणजे फैजपूरहून सावद्याला जाताना येतं ते.

पुण्यातली खान्देशी: इर्जिकीवर वेगळा धागा काढा, इथे गर्दी झालीय. अमळनेरकर, आईंना विचारा ना, त्या काय म्हणतील?

अमळनेरकर (धागाकर्ता): विचारलं. म्हणाली, "आदी तू जेवी ले."