भाचा केमोनंतर सोलापूरला घरी येतोय, घरात काय काय तयारी ठेवू?

पूर्वभागातली आत्या:
माझ्या भावाचा धाकटा साडेचार वर्षांचा आहे. त्याला रक्ताचा कॅन्सर आहे, ए.एल.एल. म्हणतात तो. उपचार परळला टाटामध्ये चालू आहेत. भाऊ-वहिनी त्याला घेऊन कॉटन ग्रीनला सेंट ज्यूडच्या केंद्रात राहिलेत. तिथे राहायचे पैसे पडत नाहीत, नाहीतर टॉवेल कारखान्यातल्या पगारात मुंबईत खोली कुठून परवडणार? आता जड केमो संपून मेंटेनन्स, म्हणजे हलक्या औषधांचा पुढचा टप्पा, सुरू झालाय. रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, महिन्यातून पाच दिवस स्टेरॉइड. डॉक्टरांनी मधल्या काळात घरी राहायला हो म्हटलंय. घर मी आणि आई सांभाळतो. भावाचा मोठा मुलगा आठ वर्षांचा, तो आमच्याजवळच आहे.

काळजी अशी की नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, सगळं पिंपात भरून ठेवायचं. आई घरात विड्या वळते, तंबाखूचा धुरळा उडतो. तिला बंद कर म्हणवत नाही, हप्त्याचे तेच पैसे हातात येतात. त्यात गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय. आईने सिद्धेश्वराला बोललंय की नातवाला घेऊन येईन. आणि रात्री-बेरात्री ताप आला तर इथे कुणाकडे धावायचं, याचाच विचार करून झोप लागत नाही.

मोठ्याला आम्ही एवढंच सांगितलंय की धाकट्याला ताप आहे. परवा अंथरुणात हळूच विचारत होता, ‘मी त्याला ढकललं होतं, म्हणून झालं का?’ मला काही बोलताच आलं नाही. त्याला खरं सांगावं का?

बार्शीकर बाबा:
ताई, माझ्या मुलीचा ए.एल.एल.चा कोर्स पूर्ण झालाय, ती आता शाळेत जाते. आधी तापाचं बघा, बाकी सगळं नंतर. डिजिटल थर्मामीटर घ्या आणि काखेत लावा, गुदद्वारात कधीच नाही. आम्हाला १००.४ फॅरनहाइटचा आकडा दिला होता. तुमच्या डॉक्टरांनी जो दिलाय तो भिंतीवर लिहून ठेवा. ताप दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. गोळीने ताप उतरतो, आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. पांढऱ्या पेशी कमी असल्या तर काही तासांत मूल गंभीर होतं.

तो यायच्या आधीच सोलापुरातल्या एका बालरोगतज्ज्ञांना भेटून या. चोवीस तास भरती करून घेणारं हॉस्पिटल पाहिजे. टाटाच्या डॉक्टरांकडून पत्र आणा: कोणता टप्पा चालू आहे, तापात कोणतं अँटिबायोटिक लगेच सुरू करायचं, फोन कुणाला करायचा. मध्यरात्री कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर असतो, त्याला सगळं समजावत बसायला वेळ नसतो. शेवटचा सीबीसी म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट, पत्र आणि दोन कपडे एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळ टांगून ठेवा.

जत्रेच्या गर्दीत मात्र नेऊ नका. आईंना म्हणा, बोललेलं कुठं जात नाही, डॉक्टर हो म्हणतील त्या वर्षी जाऊ.

सिव्हिलमधली सिस्टर:
पाणी साठवलेलं चालतं, पण पिण्याचं खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. पिंपात हात किंवा तांब्या बुडवायचा नाही, तोटीचं भांडं घ्या. हात साबणानेच धुवायचे, पाहुण्यांनीसुद्धा. सर्दी-खोकला असलेल्याला उंबऱ्याच्या बाहेरूनच परत पाठवा. वाईट वाटलं तर वाटू द्या.

तंबाखू त्याच्या खोलीत नकोच. आजींनी शेजारच्या घरी बसून वळावं, आत येताना हात-तोंड धुऊन लुगडं बदलावं. केमोच्या गोळ्या उघड्या हाताने तोडायच्या नाहीत. त्याची उलटी किंवा लघवीचे कपडे आवरताना हातमोजे घाला.

आणखी एक. पल्स पोलिओच्या ताई दारावर येतील. उपचार चालू आहेत असं सांगा, त्याला थेंब द्यायचे नाहीत. कोणतीही लस टाटाला विचारल्याशिवाय नाही.

नव्या पेठेतला:
तिकिटाचं बघा. हॉस्पिटलच्या फॉर्मवर कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत मिळते, सोबतच्या एकाला पाऊण. फॉर्म घेऊन खिडकीवरच जावं लागतं. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्रीची असल्यामुळे सकाळी दादरला उतरून थेट परळ गाठता येतं.

मोठी बहीण:
मी मोठ्याबद्दल लिहिते. माझ्या भावाला झाला तेव्हा मी चौथीत होते. घरातले सगळे ‘काही नाही, ताप आहे’ म्हणायचे, आणि कॅन्सर हा शब्द मला वर्गातल्या एका मुलीकडून कळला. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरातल्या कुणाच्याच बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. मला साधा ताप आला तरी वाटायचं, आता माझी पाळी.

त्याने ढकलण्याचं विचारलंय ना, तर उत्तर आजच द्या. रक्तातल्या पेशी बिघडल्यात, कुणाच्या ढकलण्याने, रागावण्याने किंवा काही खाण्याने असं होत नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजाराचं नाव सांगा, औषध चालू आहे हेही सांगा. बरा होणारच असं वचन देऊ नका, डॉक्टर खूप मेहनत घेतायत आणि या आजारातून पुष्कळ मुलं बरी होतात एवढं खरं आहे, तेवढंच सांगा. भावाला केस नसतील, चेहरा सुजलेला असेल, स्टेरॉइडच्या दिवसांत तो उगाच चिडेल, हे आधीच कळलं तर तो दचकणार नाही. आणि दिवसातला थोडा वेळ वहिनींनी फक्त त्याला द्यावा. इतके दिवस तोही आईशिवाय राहिलाय.

त्याच्या वर्गशिक्षिकांनाही भेटा. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी कळवा म्हणावं. तो भावाला भेटून झाल्यावर कळलं, तरी अंगावर काही उठायची वाट न बघता टाटाला फोन करायचा.

पूर्वभागातली आत्या:
मोठ्याशी आत्ताच बोलले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मग हात धुवायला सगळ्यांना मीच सांगणार. आई शेजारी बसून विड्या वळायला तयार आहे. जत्रेचं ऐकून थोडी रडली, पण ऐकलं तिने. उद्या शाळेत जाते, तिथून डॉक्टरांकडे. एक राहिलं, धाकटा फोनवर सारखी शेंगाचटणी मागतोय. देऊ का?

सिव्हिलमधली सिस्टर:
तोंडात फोड नसतील तर द्या. शेंगदाणे ताजे बघून घ्या, एकही काळा किंवा खवट नको. घरी नीट भाजून, तिखट-मीठ अगदी कमी घालून रोज थोडी कुटा. बाजारची सुटी चटणी नको. स्टेरॉइडच्या पाच दिवसांत रात्री दोनला उठूनही जेवायला मागेल, तेव्हा खारट काही न देता मऊ भात नाहीतर भाकरी दुधात कुस्करून द्या.