मदत हवी आहे: घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा 'घूं' आवाज काही केल्या जात नाही

अर्धकच्चा सोल्डर

नमस्कार मंडळी,

गेला सव्वा महिना मी एकाच आवाजाशी भांडतोय आणि आता हात टेकलेत. थोडं सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

बाबांचे दोन लाकडी स्पीकर माळ्यावर पडून होते, ८ ओहमचे. त्यांचा डेक कधीच भंगारात गेला. बाजारात तळहाताएवढा तयार अ‍ॅम्प्लिफायर दीड हजारात मिळतो हे मला माहीत आहे, कृपया कोणी सांगू नका. घरात सगळ्यांनी सांगून झालंय. मला स्वतः बनवायचा होता.

तर एलएम ३८८६ या अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन चिप, त्यांचे दोन पीसीबी (छापील सर्किट बोर्ड), आणि बुधवार पेठेत चार फेऱ्या मारून जमवलेलं बाकीचं सामान. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्टचा, ५ अँपिअरचा, वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतला. साधा पत्र्यांचा, टोरॉइड (गोल कड्यासारखा) नाही. डबा म्हणून जुन्या स्टॅबिलायझरची पेटी वापरली. आतला मालमसाला काढला, पुढच्या मीटरच्या जागी व्हॉल्यूम बसवला. दिसायला झकास झालंय.

इथवर येतानाच दोनदा तोंडावर पडलो. पहिल्यांदा चालू केला आणि फ्यूज फट्ट. या चिपची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते हे मला ठाऊक नव्हतं. मी ती सरळ हीटसिंकवर कसली, हीटसिंक मागच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या पट्टीवर, आणि त्याच पट्टीवर इनपुटचे आरसीए सॉकेट. म्हणजे मायनस थेट ग्राउंडला, सर्किटच्या शून्याला. फ्यूजसोबत एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिजही गेला. मग मायका आणि प्लास्टिकचे बूश आणले. पुन्हा चालू केला तर चिडीचूप. दोन दिवस चिप मेली म्हणून सुतक पाळलं. शेवटी डेटाशीट नीट वाचली, तर आठ नंबरची पिन म्यूटची, म्हणजे आवाज बंद ठेवणारी निघाली. तिच्यातून रेझिस्टरमार्गे मायनसकडे अर्धा मिलिअँपिअर तरी ओढला नाही तर चिप तोंडच उघडत नाही. तो रेझिस्टर मी लावलाच नव्हता.

लावला आणि गाणं लागलं! त्या रात्री मी झोपलो नाही. पण गाण्यामागे 'घूं' आहे.

लक्षणं सांगतो. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी येतो, वाढवला तरी तेवढाच राहतो. दोन्ही बाजूंना आहे, डावीकडे जास्त. व्हॉल्यूमच्या दांडीला बोट लावलं की थोडा कमी होतो. लॅपटॉप चार्जरवर असताना जोडला तर वर एक बारीक किरकिर. फिल्टरचे कपॅसिटर आधी ४,७०० मायक्रोफॅरडचे होते, ते काढून १०,००० चे घातले, तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी जास्त खरखरीत झाला. शील्डवायर बदलून पाहिली, फरक शून्य.

बायको म्हणाली, "गाणं कधी लागणार?" मी म्हटलं, "लागलंय की." ती म्हणाली, "मला वाटलं फ्रिज चालू झाला."

कुठे चुकतंय?

भुईनळा

कपॅसिटर अजून वाढवा. २२,००० टाका, विषय संपला.

रोहित्र

भुईनळाभाऊ, त्यांनी वाढवले आणि बिघडलं, हे वाचलंत ना?

सोल्डरसाहेब, लक्षणं व्यवस्थित लिहिलीत, निम्मं काम तिथेच झालं. व्हॉल्यूम शून्यावरही आवाज तेवढाच आहे, म्हणजे भानगड व्हॉल्यूमच्या पुढे आहे. लॅपटॉप, शील्डवायर यांचा या आवाजाशी संबंध नाही, त्यांचं नंतर बघू.

आता दोन गोष्टी सांगा. आवाज ५० हर्ट्झचा आहे की १०० चा? आणि ग्राउंडची जोडणी नेमकी कशी केलीत? सर्किट नको, ते माझ्याकडे आहे. वायर प्रत्यक्षात कुठून कुठे गेली ते हवंय.

अर्धकच्चा सोल्डर

रोहित्र, धन्यवाद. ऑसिलोस्कोप नाही माझ्याकडे. ५० की १०० कसं ओळखू?

खर्ज

मला सोल्डरिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण याचं उत्तर माझ्याकडे आहे. घरात वाजवायची पेटी, हार्मोनियम आहे का? पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी दाबा. खालच्या पांढऱ्या पाचचे सूर ४९ आणि ९८ हर्ट्झचे. आपली वीज ५० ची, त्यामुळे तिचा घूं पांढरी पाचच्या जवळच, पण जरा चढा लागतो. आमच्या सोसायटीतली पाण्याची मोटर याच सुरात गाते आणि माझा रियाज बिघडवते.

५० आणि १०० हे एकमेकांचे खालचा सा आणि वरचा सा, म्हणून नुसत्या सुरावरून फसाल. आवाजाची जात ऐका. गोल, पोटातून येणारा असेल तर ५०. माशी डब्यात अडकल्यासारखा असेल तर १०० आणि त्याच्या वरची पिलावळ.

अर्धकच्चा सोल्डर

खर्ज, कमाल! आई भजनाला पेटी वाजवते. तिला अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं, पेटीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पांढरी पाच, पण पेटीपेक्षा चढी. आणि घसा बसलाय याचा." म्हणजे माशी. म्हणजे १००. पण डाव्या स्पीकरला कान लावला की माशीच्या खाली एक गोल घूं पण आहे, असंही तीच म्हणाली. मला तो वेगळा ऐकूच आला नव्हता.

आता ग्राउंड. त्याचा मला अभिमान आहे, कारण एकदम नीटनेटकं केलंय. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सोलून, फूटभर, पेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधली, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी. ट्रान्सफॉर्मर मध्ये बसतो म्हणून प्लसचा कपॅसिटर एका टोकाला, मायनसचा दुसऱ्या टोकाला. ट्रान्सफॉर्मरची मधली, शून्याची वायर, म्हणजे सेंटर टॅप, मधोमध. आणि स्पीकरचे निगेटिव्ह, इनपुटचं ग्राउंड, पीसीबीचं ग्राउंड, ज्याला जिथे जवळ पडेल तिथे त्या दोरीवर.

रोहित्र

सापडला. दोरीच काढा.

आता कारण. ब्रिजमधून कपॅसिटरला करंट सलग जात नाही. सेकंदाला १०० वेळा, अगदी थोडा वेळ, धपाधप जातो. कपॅसिटर जितका मोठा, तितका तो धपका अरुंद आणि उंच. म्हणून १०,००० घातल्यावर आवाज खरखरीत झाला. हा धपका प्लसच्या कपॅसिटरमधून निघून मायनसच्या कपॅसिटरमध्ये जातो, आणि तुमच्याकडे त्याचा रस्ता म्हणजे अख्खी दोरी.

दोरीचा रेझिस्टन्स साधारण ५ मिलिओहम. धपका १ अँपिअरचा धरला तरी ५ मिलिव्होल्ट झाले. तुम्हाला वाटतं दोरीवरचं प्रत्येक ठिकाण म्हणजे शून्य, पण प्रत्येक चिमट्याचं शून्य वेगळं आहे. इनपुटचं ग्राउंड एका चिमट्यावर आणि पीसीबीचं दुसऱ्यावर असेल तर मधला फरक चिपला गाणंच वाटतो. तुमच्या पीसीबीवर २० किलोओहम आणि १ किलोओहम रेझिस्टरची जोडी असेल तर गेन, म्हणजे सिग्नल मोठा होण्याचं प्रमाण, २१ पट. १०० मिलिव्होल्टची माशी स्पीकरवर.

उपाय: दोन्ही कपॅसिटर शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून. त्यांची ग्राउंडची टोकं जाड आणि आखूड पट्टीनं जोडा, सेंटर टॅप तिथेच. धपके तिथल्या तिथे फिरू देत. त्या पट्टीवरून एकच वायर बाहेर काढून वेगळ्या एका बिंदूवर न्या आणि बाकी सगळी ग्राउंड त्या एका बिंदूवर. कपॅसिटरच्या पट्टीवर दुसरं काही टांगायचं नाही.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. व्हॉल्यूमच्या दांडीला बोट लावल्यावर आवाज बदलतो, त्यावरून अ‍ॅम्प्लिफायरची पेटी अर्थिंगला जोडलेलीच नाही असा मला संशय आहे. स्टॅबिलायझरच्या पेटीला रंग असतो. अर्थच्या वायरची कडी, म्हणजे लग, रंगावर कसलाय का?

भुईनळा

मी तर म्हणतो अर्थची पिनच काढून टाका. माझ्या मित्रानं काढली, हमिंग लगेच बंद.

रोहित्र

भुईनळाभाऊ, हे इथे लिहू नका, कोणीतरी खरंच करेल. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या वाइंडिंगचं, इन्सुलेशन कधी दगा देईल सांगता येत नाही. त्या दिवशी पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि व्हॉल्यूम फिरवणाऱ्या माणसाच्या हातात दांडी असते. पेटी अर्थला थेट. यात तडजोड नाही.

अर्धकच्चा सोल्डर

रोहित्र, मीटर लावला. थ्री-पिनच्या अर्थपासून पेटीपर्यंत: ओपन, म्हणजे जोडणीच नाही. लग रंगावर होता. गेला सव्वा महिना मी बिनअर्थच्या पेटीला बोटं लावत बसलो होतो. कानस घेऊन लगच्या खालचा रंग उडवला, व्हॉल्यूमच्या नटखालचा पण. आता ०.२ ओहम दाखवतोय आणि दांडीला हात लावल्यावर काहीही होत नाही.

दोरी काढायला रविवार गेला. सगळं उसवायचं म्हणजे जिवावर आलं होतं, इतकं सुबक बांधलं होतं. या वेळी मात्र शहाणपणानं सिरीज बोर्ड बनवला. १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटला आणि विझला. म्हणजे शॉर्ट नाही. हा बोर्ड पहिल्याच दिवशी केला असता तर ब्रिज वाचला असता.

आणि माशी गेली. पूर्ण गेली. मी बटण बंद आहे की काय म्हणून पाहिलं.

डावीकडचा गोल घूं आहे अजून.

रोहित्र

अभिनंदन. गोल म्हणजे ५०, आणि एकाच बाजूला म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व. डाव्या पीसीबीची इनपुट वायर ट्रान्सफॉर्मरच्या जवळून जाते का? पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र आजूबाजूला बरंच सांडतं. वायर लांब न्या. नाही गेला तर ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढा, पुठ्ठ्यावर ठेवा आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवून तो जागच्या जागी हळूहळू फिरवा. प्रायमरीच्या जोडांवर आधी स्लीव्ह चढवा आणि एक हात खिशात ठेवा.

अर्धकच्चा सोल्डर

फिरवला. साधारण तीस अंशांवर घूं असा विरला की आईनं दुसऱ्या खोलीतून विचारलं, "काय केलंस?" आता ट्रान्सफॉर्मर पेटीत तिरपा बसलाय. झाकण उघडलं की दारू पिऊन लावल्यासारखा दिसतो. बायकोनं फोटो काढून तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलाय.

राहिला लॅपटॉप. पेटी अर्थ झाल्यापासून चार्जरवर असताना किरकिर तर आहेच, वर घूंही परत आलाय. चार्जर काढला की दोन्ही गायब. हा ग्राउंड लूप ना? चार्जर थ्री-पिन आहे.

रोहित्र

होय. दोन अर्थ, मध्ये सिग्नलच्या शील्डची वायर, झालं वर्तुळ पूर्ण. पेटी अर्थला थेट राहू दे. फक्त तुमचा तो एक बिंदू आणि पेटी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर घाला. त्याला समांतर ३५ अँपिअरचा एक ब्रिज, एसीची दोन टोकं या दोन बाजूंना, प्लस-मायनस एकमेकांना जोडून. लूपच्या किरकोळ करंटला १० ओहम अडवतात, आणि उद्या खरंच फॉल्ट झाला तर करंट ब्रिजमधून अर्थला जाऊन फ्यूज उडवतो. आरसीए सॉकेटना मात्र प्लास्टिकचे वॉशर हवेत. सॉकेट पट्टीला टेकलं तर सगळी मेहनत वाया.

अर्धकच्चा सोल्डर

केलं. वॉशर मिळेनात, जुन्या डेबिट कार्डातून कापले. घूं गेला. किरकिर पूर्ण गेली नाही, पण ती आता ऐकायला स्पीकरला कान चिकटवावा लागतो.

काल रात्री सगळे झोपल्यावर बाबांच्या आवडीचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं. शेकडो वेळा ऐकलंय, फोनवर, गाडीत. गायकानं तोंड उघडायच्या आधी चांगला अर्धा मिनिट नुसता तानपुरा आहे, आणि त्यात कोणीतरी हळूच खाकरतं. हे खाकरणं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग आई उठून आली आणि काही न बोलता खुर्ची ओढून बसली.

हिशेब विचाराल तर जळलेला ब्रिज, फुकट गेलेले कपॅसिटर आणि चार फेऱ्यांचं पेट्रोल धरून साडेसात हजार. तयार अ‍ॅम्प्लिफायर पाच आले असते. हे बायकोला सांगितलेलं नाही.

खर्ज

आईंना नमस्कार सांगा. आणि आमच्या पाण्याच्या मोटरला १० ओहम लावता येतात का?

अर्धकच्चा सोल्डर

खर्ज, तिथे मोटरच तिरपी बसवून बघा.

रोहित्र, एक शेवटचं. चालू करताना स्पीकरमधून 'धप्प' येतो. नवा धागा काढू का?

रोहित्र

कशाला, इथेच बोलू. आठ नंबरच्या पिनला रेझिस्टर लावलात, कपॅसिटर कितीचा लावलाय?

अर्धकच्चा सोल्डर

कपॅसिटर पण लावायचा असतो?