दीर्घ फँटसी मालिका वाचताना मधल्या खंडांचे काय करावे?

निशिगंध :

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आणि अर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' मालिका वाचून झाल्यावर आता एखादी खरोखर दीर्घ फँटसी मालिका हाती घ्यावी, असे मनात आहे. टॉल्किन यांचे पुस्तक तीन खंडांचे म्हणून ओळखले जात असले, तरी मुळात ती एकच सलग कादंबरी आहे; महायुद्धानंतरच्या काळात कागद आणि छपाई महाग असल्यामुळे ती १९५४-५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. 'अर्थसी'चे सहा भाग १९६८ ते २००१ एवढ्या वर्षांत पसरलेले असले, तरी त्यांतले बहुतेक भाग आटोपशीर आहेत आणि एक वाचून थांबले तरी फारसे काही अडत नाही. दहा, चौदा किंवा सोळा खंड चालणारी कथा मी अजून वाचलेली नाही.

कोणत्याही मोठ्या मालिकेविषयी विचारले, की जाणकार वाचक तिची मनापासून शिफारस करतात आणि लगेच पुढे सांगतात, की अमुक खंडापासून अमुक खंडापर्यंत जरा धीर धरावा लागेल, किंवा मधला एक खंड चाळून पुढे गेले तरी चालेल. हे ऐकून मी थबकते. एखादा खंड चाळून चालत असेल, तर तो लेखकाने का लिहिला आणि संपादकाने का ठेवला, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय काही मालिका अजून अपूर्ण आहेत. त्या सुरू कराव्यात की नाही, याविषयीही आपली मते हवी आहेत. कथानकातील रहस्ये उघड न करता लिहावे, ही विनंती.

वाटसरू :

मधल्या खंडांविषयीची तक्रार सर्वांत जास्त 'द व्हील ऑफ टाइम'च्या वाट्याला येते, म्हणून तिच्याविषयीच लिहितो. रॉबर्ट जॉर्डन यांचा पहिला खंड, 'द आय ऑफ द वर्ल्ड', १९९० मध्ये आला आणि चौदावा, 'अ मेमरी ऑफ लाइट', २०१३ मध्ये. पहिल्या सहा खंडांपैकी प्रत्येकाला स्वतःची दिशा आहे : पात्रे कुठून तरी निघतात, कुठे तरी पोहोचतात आणि खंड मिटताना जग आधीसारखे राहिलेले नसते. सहाव्या खंडाच्या अखेरीस येणारी लढाई वाचून पुस्तक खाली ठेवले, तेव्हा पुढचे पान लगेच उघडण्याची माझी छाती झाली नव्हती. त्यानंतर मात्र खंडांची घडण सैल होत जाते आणि २००३ मध्ये आलेल्या दहाव्या खंडात, म्हणजे 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'मध्ये, ती सर्वांत सैल आहे, हे या मालिकेवर प्रेम करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

याचे कारण लेखनपद्धतीत आहे. जॉर्डन यांची प्रकरणे कुठल्या ना कुठल्या पात्राच्या नजरेतून लिहिलेली असतात. सुरुवातीला ही पात्रे मोजकी आणि बहुतेक वेळ एकत्र असतात. पुढे ती पांगतात, प्रत्येकाभोवती नवी माणसे जमतात आणि त्या माणसांनाही नजर मिळते. एका खंडात सर्वांना पुढे नेणे अशक्य झाल्यावर काहींना पूर्णपणे बाहेर ठेवावे लागते. पेरिन पाचव्या खंडात नाही आणि मॅट आठव्यात नाही. दहाव्या खंडाचा मोठा भाग तर नवव्याच्या शेवटी घडलेल्या एका प्रचंड घटनेच्या वेळी इतर मंडळी काय करत होती, हे सांगण्यात जातो. म्हणजे वाचक पुढे आलेला असतो आणि कथा त्याला मागे नेते.

तरीही केवळ पात्र अनुपस्थित राहिल्यामुळे खंड कंटाळवाणा होतो, असे मला वाटत नाही. तिसऱ्या खंडात नायक रँड फारच थोड्या पानांवर दिसतो, पण बाकीचे सगळे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी निघालेले असल्यामुळे तो खंड कमालीचा ताणून धरतो. दहाव्यात पात्रे आहेत आणि ती वाट पाहत बसलेली आहेत. चौदा खंडांच्या प्रवासातला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा फरक आहे.

आपल्याकडच्या वाचकाला उपकथांची सवय नसते, असेही म्हणता येणार नाही. महाभारतातील वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलदमयंतीची कथा सांगतात आणि मुख्य कथा तेवढा वेळ थांबते. परंतु नलाला त्याचे राज्य परत मिळेपर्यंत ती कथा सांगितली जाते आणि मगच पांडव पुढे सरकतात. जॉर्डन यांच्या मधल्या खंडांत तीन-चार उपकथा एकाच वेळी अर्धवट सोडलेल्या असतात आणि त्या पुढच्या खंडावर ढकलल्या जातात. ज्या वाचकांनी हे खंड प्रसिद्ध होतील तसे वाचले, त्यांना प्रत्येक वेळी दोन-अडीच वर्षे थांबावे लागले. आज सगळे खंड हाताशी असल्यामुळे तो त्रास बराच कमी होतो, म्हणून चाळण्याचा सल्ला मी देणार नाही. दहावा खंड सावकाश वाचावा आणि लगेच अकरावा, 'नाइफ ऑफ ड्रीम्स', उघडावा. त्यात साठलेले पाणी एकदम वाहू लागते.

जॉर्डन यांचे २००७ मध्ये निधन झाले. त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल याच त्यांच्या संपादकही होत्या आणि त्यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली. जॉर्डन यांनी मागे ठेवलेली टिपणे आणि लिहून ठेवलेले प्रसंग यांच्या आधाराने एका शेवटच्या खंडाचे तीन खंड झाले. सँडरसन यांचा मॅट सुरुवातीला परका वाटतो, जॉर्डन यांच्या वाक्यांतले रेंगाळणे तिथे नाही. तरी कथा पूर्णत्वाला नेण्याचे काम त्यांनी निष्ठेने केले आहे, असे माझे ठाम मत आहे.

रेवा :

वाटसरू यांचे दहाव्या खंडाविषयीचे विवेचन पटले, पण संथ खंड म्हणजे घडण बिघडलेला खंड, असा समज त्यातून होऊ नये. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'मधील चौथा खंड, 'अ फीस्ट फॉर क्रोज', २००५ मध्ये आला, तेव्हा बऱ्याच वाचकांची निराशा झाली. हस्तलिखित एका पुस्तकात मावेना, म्हणून मार्टिन यांनी ते पात्रांनुसार आणि प्रदेशांनुसार विभागले आणि टिरियन, जॉन व डेनेरिस ही लाडकी पात्रे २०११ मधील पाचव्या खंडासाठी राखून ठेवली. दोन्ही खंडांचा बराचसा काळ एकच आहे; काही वाचक तर दोन्हींची प्रकरणे एकत्र गुंफून वाचतात.

मला मात्र संपूर्ण मालिकेत हाच खंड सर्वांत जवळचा वाटतो. आधीच्या तीन खंडांत राजे लढले, सैन्ये आली-गेली, तह झाले आणि मोडले. चौथ्यात ब्रिएन त्याच मुलखातून हिंडते आणि सैन्ये निघून गेल्यावर तिथे काय उरले आहे, ते आपण तिच्याबरोबर पाहतो : जळालेली गावे, झाडांना लटकणारी प्रेते, कुणाच्याच बाजूचे न राहिलेले सैनिक. त्या वाटेवर मेरिबाल्ड नावाचा एक अनवाणी फिरणारा धर्मोपदेशक तिला भेटतो आणि गावातून लढाईला गेलेला साधा माणूस हळूहळू कसा मोडत जातो, हे सांगतो. त्या भाषणाने कथानक एक पाऊलही पुढे जात नाही, पण ते वगळले तर आधीच्या तीन खंडांतील लढायांना काय किंमत पडली, हे वाचकाला कधीच कळणार नाही. एवढे हिंडणे आणि एवढी शांतता पेलण्यासाठी मालिकेची लांबी लागते. चारशे पानांच्या कादंबरीत ही जागा मिळालीच नसती. म्हणून निशिगंध यांना मी सुचवीन, की एखादा खंड संथ आहे असे कुणी म्हटले, तर तो कशासाठी थांबला आहे, हे आधी विचारावे.

अपूर्णतेचा प्रश्न खरा आहे. मार्टिन यांनी त्रयी म्हणून योजलेली ही कथा १९९६ मध्ये सुरू झाली, ती पुढे सात खंडांची ठरली आणि पाचव्यानंतर सहावा खंड अद्याप आलेला नाही. दूरचित्रवाणी मालिकेने २०१९ मध्ये स्वतःपुरता शेवट केला, पण पुस्तकांतील कितीतरी पात्रे आणि धागे तिथे नाहीतच, त्यामुळे तो पुस्तकांचा शेवट मानता येत नाही. ज्यांना शेवट कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी ही मालिका सुरू करू नये, असे मी स्पष्टपणे सांगते. ज्यांना पात्रांच्या सहवासासाठी वाचायचे आहे, त्यांनी जरूर वाचावी; तिसऱ्या खंडाइतकी भरगच्च आणि नेमकी बांधलेली फँटसी कादंबरी माझ्या वाचनात दुसरी नाही.

दर्यावर्दी :

मधल्या खंडांचा प्रश्न रॉबिन हॉब यांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे आणि त्याची चर्चा इथे व्हायला हवी. त्यांच्या 'रेल्म ऑफ द एल्डरलिंग्ज' या विश्वात १९९५ ते २०१७ या काळात आलेल्या सोळा कादंबऱ्या आहेत, परंतु त्या पाच स्वतंत्र गटांत विभागलेल्या आहेत : चार त्रयी आणि एक चार भागांचा संच. प्रत्येक गटाला शेवट आहे. पहिली त्रयी फिट्झ नावाच्या राजघराण्यातील अनौरस मुलाने स्वतः सांगितलेली आहे. दुसऱ्या त्रयीत हॉब त्याला बाजूला ठेवतात आणि दक्षिणेकडच्या व्यापारी बंदरात जातात. तिथे विझर्डवुड नावाच्या लाकडाची जहाजे असतात आणि एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांतील माणसे जहाजावर मरण पावली, की नाळेवरची कोरीव मूर्ती डोळे उघडून बोलू लागते. फिट्झच्या प्रेमात पडलेले वाचक ही त्रयी वगळून थेट तिसरीकडे जातात आणि माझ्या मते ती मोठी हानी आहे, कारण पुढच्या गटांतील अनेक गोष्टींचा अर्थ त्या जहाजांपाशी दडलेला आहे.

लांबीचा खरा लाभ मला इथे जाणवला. पहिल्या पुस्तकात फिट्झ सहा वर्षांचा आहे आणि शेवटच्या त्रयीत तो साठीच्या आसपास पोहोचतो. तरुणपणी त्याने घाईने घेतलेला निर्णय, न बोललेला शब्द किंवा तोडलेले नाते वीस-तीस वर्षांनंतर त्याच्यासमोर उभे राहते आणि तोपर्यंत वाचकालाही तो जुना प्रसंग स्वतःची आठवण असल्यासारखा आठवत असतो. हॉब यांची गती मंद आहे, फिट्झचे दुःख कधी कधी असह्य होते, पण मंदपणाबद्दल मी तक्रार करणार नाही. माणूस म्हातारा होताना दाखवायचा, तर पाने लागणारच.

पानोपानी :

दोन टोकांची उदाहरणे जोडतो. स्टीव्हन एरिक्सन यांच्या 'मलाझान बुक ऑफ द फॉलन'चे दहा खंड १९९९ ते २०११ मध्ये आले. एरिक्सन यांचे शिक्षण पुरातत्त्व आणि मानवशास्त्र या विषयांतले आहे आणि हे जग त्यांनी इयान एसलमाँट या मित्राबरोबर भूमिकाखेळासाठी रचले होते. पहिला खंड वाचकाला काहीही समजावून न सांगता चालू युद्धात आणून सोडतो, दुसरा बहुतांशी नवी पात्रे घेऊन दुसऱ्याच खंडभूमीवर जातो आणि पाचव्यात पुन्हा सर्व नवे. इथे मधला खंड असा नाहीच, कारण जवळजवळ प्रत्येक खंड नव्याने सुरू होतो. फक्त नववा आणि दहावा हे एकाच कथेचे दोन भाग आहेत. ही मालिका पहिली म्हणून घेऊ नये.

टेरी प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'च्या ४१ कादंबऱ्या प्रत्येकी स्वतंत्र आहेत. 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून सुरू करून शहराच्या पहारेकऱ्यांच्याच कादंबऱ्या क्रमाने वाचल्या, तर सॅम व्हाइम्स हा दारूत बुडालेला कप्तान कसकसा बदलत जातो, ते पाहता येते. वाटसरू यांनी जॉर्डन यांच्या टिपणांचा उल्लेख केला, म्हणून सांगावेसे वाटते : प्रॅचेट यांनी नेमके उलटे ठरवले होते. त्यांचे निधन २०१५ मध्ये झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार, अपूर्ण लेखन असलेली हार्ड डिस्क २०१७ मध्ये डॉर्सेटमधील वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत रोडरोलरखाली चिरडण्यात आली. वाचक म्हणून मला हळहळ वाटते, पण तो त्यांचाच अधिकार होता, याविषयी मला शंका नाही. मालिका दुसऱ्याने पूर्ण करावी की नाही, हे लेखकाने स्वतः सांगितलेले असेल, तर वाचकाने ते मानावे.

निशिगंध :

सर्वांचे मनापासून आभार. रेवा यांचा 'तो कशासाठी थांबला आहे, हे विचारावे' हा मुद्दा मला फार उपयोगाचा वाटला आणि तो बरोबर ठेवूनच 'द व्हील ऑफ टाइम' सुरू करण्याचे ठरवत आहे. सगळे खंड उपलब्ध आहेत आणि शेवटही आहे, हे माझ्यासाठी महत्त्वाचे आहे. हॉब यांच्या जहाजांनीही ओढ लावली आहे, पण ती पुढची पाळी. एकच शंका उरली : 'न्यू स्प्रिंग' या पूर्वकथेची घटना पहिल्या खंडाच्या वीस वर्षे आधीची आहे, असे वाचले. मग ती सर्वांत आधी वाचावी का?

वाटसरू :

आधी वाचू नये. 'न्यू स्प्रिंग' २००४ मध्ये, म्हणजे दहाव्या आणि अकराव्या खंडांच्या दरम्यान, कादंबरीच्या रूपात आली आणि मॉरेन व लॅन यांना ओळखणारा वाचक जॉर्डन यांनी तिथे गृहीत धरला आहे. पहिल्या खंडात ही दोघे गावात येतात, तेव्हा ती कोण आहेत आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे रँडला जसे कळत नाही, तसेच वाचकालाही कळू नये, अशी त्या प्रकरणांची रचना आहे; पूर्वकथा आधी वाचली, तर ती शंकाच नाहीशी होते. दहावा खंड संपल्यावर ती घ्यावी. ती लहान आहे, सरळ रेषेत जाते आणि दोनच पात्रांच्या नजरेतून सांगितलेली आहे, त्यामुळे त्या टप्प्यावर ती विशेष आनंद देते.