उपकरण काढून घेतल्यावरही उघडी राहणारी फाइल: लिनक्स ड्रायव्हरने आपली मेमरी नेमकी केव्हा सोडावी?

प्रश्न : मापनयंत्री

प्रयोगशाळेतील एका मापनयंत्रासाठी मी लिनक्सचा यूएसबी ड्रायव्हर लिहीत आहे. प्रोबमध्ये (उपकरण जोडले जाताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) ड्रायव्हरचे खासगी स्ट्रक्चर डेव्हएम_केझॅलॉक या फंक्शनने घेतले आहे, त्याच स्ट्रक्चरमध्ये सीडेव्ह (उपकरणाच्या फाइलची कर्नलमधील नोंद) आणि म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारा लॉक) आहेत, आणि वापरकर्त्याचा प्रोग्राम डेव्ह डिरेक्टरीतील फाइल उघडून वाचन करतो. डिस्कनेक्टमध्ये (उपकरण निघताना कर्नल बोलावतो त्या फंक्शनमध्ये) सीडेव्हची नोंद काढणारे सीडेव्ह_डेल बोलावून मी यंत्राशी चाललेला व्यवहार थांबवतो.

प्रोग्रामने फाइल बंद केल्यानंतर केबल काढली, तर काहीच अडचण येत नाही. मात्र प्रोग्राम चालू असतानाच केबल ओढली आणि नंतर प्रोग्राम बंद केला, की केसॅन हे तपासणी-साधन म्यूटेक्स घेण्याच्या जागी 'मुक्त केलेल्या मेमरीचा वापर' झाल्याची नोंद करते. फाइल-ऑपरेशन्सच्या तक्त्यात ओनर म्हणून मॉड्यूलचे नाव दिलेले आहे; त्यामुळे फाइल उघडी असेपर्यंत ड्रायव्हर जागेवरून हलणार नाही, अशी माझी समजूत होती. डेव्हएम घराण्यातील फंक्शने वापरली की मेमरीची काळजी कर्नल घेतो, असे सर्वत्र वाचायला मिळते. मग येथे नेमके काय निसटते आहे?

उत्तर : जुना_कर्नलकर

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळी आयुष्ये एकमेकांत मिसळली आहेत: मॉड्यूलच्या कोडचे, ड्रायव्हर आणि उपकरण यांच्या जोडणीचे, आणि उघड्या फाइलचे. ओनर हे क्षेत्र फक्त पहिल्याचे रक्षण करते. म्हणजे फाइल उघडी असताना मॉड्यूल काढून टाकणारी आरएममॉड ही आज्ञा यशस्वी होत नाही, एवढेच. केबल ओढली किंवा सिसएफएसमधील (कर्नलमधील उपकरणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रणेतील) अनबाइंड या जोडणी तोडणाऱ्या फाइलमध्ये उपकरणाचे नाव लिहिले, तर मॉड्यूल मेमरीत तसेच राहते, पण जोडणी तुटते. आणि त्या तुटण्याला नकार देण्याचा अधिकार ड्रायव्हरला नाही. डिस्कनेक्ट हे फंक्शन काहीच परत देत नाही, ते याचसाठी.

डेव्हएमने घेतलेली प्रत्येक गोष्ट त्या जोडणीच्या आयुष्याला बांधलेली असते. डिस्कनेक्ट परतले, की कर्नल त्या गोष्टी घेतल्याच्या उलट क्रमाने सोडून देतो, आणि त्या वेळी फाइल कोणाकडे उघडी आहे का, याची चौकशी तो करत नाही. भाडेकरार संपला म्हणून भाडेकरू घराबाहेर पडलाच, असे होत नाही; येथे मात्र करार संपताच घर पाडले जाते आहे. सीडेव्ह_डेलबद्दलही गैरसमज नको. नव्याने फाइल उघडली जाणार नाही, एवढीच हमी ते देते. आधी उघडलेल्या फाइलींची रीड, आयऑक्टल (उपकरणाला खास आज्ञा देणारे), रिलीज (फाइल बंद होताना चालणारे) ही फंक्शने त्यानंतरही बोलावली जाऊ शकतात, असे त्या फंक्शनच्या टिप्पणीतच स्पष्ट लिहिलेले आहे.

म्हणून खासगी स्ट्रक्चर जोडणीशी न बांधलेल्या साध्या केझॅलॉकने घ्यावे आणि त्यात केरेफ (संदर्भांची मोजणी करणारा गणक) ठेवावा. जोडणी टिकून आहे तोवर एक संदर्भ प्रोबचा आणि प्रत्येक उघड्या फाइलमागे एक, असा हिशेब असावा. शेवटचा संदर्भ सुटेल तेव्हाच मेमरी मुक्त व्हावी. सीडेव्ह स्वतः सांभाळायचा असेल, तर त्याच स्ट्रक्चरमध्ये स्ट्रक्ट डिव्हाइस ठेवून सीडेव्ह_डिव्हाइस_अॅड वापरणे अधिक सरळ आहे, कारण त्यात सीडेव्हचा पालक म्हणून ते डिव्हाइस नोंदवले जाते आणि सीडेव्ह जिवंत असेपर्यंत डिव्हाइसचे रिलीज फंक्शन बोलावलेच जात नाही. मेमरी मुक्त करणारी केफ्री फक्त तेथेच असावी.

डेव्हएम मुळातच वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. रजिस्टरांचे मॅपिंग, क्लॉक, रेग्युलेटर यांसाठी ते उत्तमच आहे. जी मेमरी वापरकर्त्याच्या फाइलमधून गाठता येते, तिच्यासाठी ते चुकीचे आहे. २०२२ च्या लिनक्स प्लंबर्स परिषदेत याच विषयावर लॉराँ पँशार यांचे स्वतंत्र भाषण झाले होते.

उत्तर : बिटगणक

केरेफ योग्यच आहे. शिवाय 'उपकरण गेले' असा एक अॅटॉमिक ध्वज ठेवावा आणि रीड, राइट व आयऑक्टलच्या सुरुवातीला तो तपासून ईनोडेव्ह ('असे उपकरण नाही' ही त्रुटी) परत करावा. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरेसे ठरते.

उत्तर : जुना_कर्नलकर

ध्वज हवाच, पण केवळ अॅटॉमिक असून तो पुरेसा ठरत नाही. रीडने ध्वज तपासला, तो उतरलेला आढळला, आणि पुढच्या ओळीवर जाण्याआधीच दुसऱ्या सीपीयूवर डिस्कनेक्ट पूर्ण झाले, तर तपासणीला काहीच अर्थ उरत नाही. तपासणी आणि त्यानंतरचा हार्डवेअरचा वापर ही दोन्ही कामे एकाच लॉकखाली व्हायला हवीत, आणि डिस्कनेक्टनेही तोच लॉक घेऊन ध्वज उभारायला हवा. कर्नलच्या स्रोतात यूएसबी ड्रायव्हरांच्या डिरेक्टरीत यूएसबी-स्केलेटन नावाचा नमुना आहे; त्यात केरेफ, आयओ म्यूटेक्स आणि डिस्कनेक्टेड हा ध्वज यांची सांगड कशी घातली आहे, ते ओळीओळीने वाचावे. वाचन फार वारंवार होत असेल आणि म्यूटेक्स जड वाटत असेल, तर एसआरसीयू (वाचणाऱ्यांना एकमेकांसाठी न थांबवणारी कर्नलची यंत्रणा) वापरता येतो. ग्राफिक्स विभागातील डीआरएम_डेव्ह_एंटर आणि डीआरएम_डेव्ह_एक्झिट ही जोडी त्याच तत्त्वावर चालते.

यूएसबीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे, आणि ते अनेकांच्या लक्षात येत नाही. अनबाइंड झाले तरी उपकरण प्रत्यक्षात जोडलेलेच असू शकते आणि त्याच इंटरफेसवर तोवर दुसरा ड्रायव्हर बसलेला असू शकतो. अशा वेळी आपल्या जुन्या फाइलमधून पाठवलेला यूआरबी (यूएसबी व्यवहाराची विनंती) कोसळत नाही. तो दुसऱ्याच्या संभाषणात शिरतो. केसॅनला यात काहीही दिसणार नाही.

लॉक धरून मात्र झोपू नये. रीड माहितीची वाट पाहत म्यूटेक्स धरून बसले, तर डिस्कनेक्ट त्याच म्यूटेक्ससाठी खोळंबते आणि यूएसबी हबचे काम पाहणारा थ्रेडही त्यासोबत अडकतो. प्रतीक्षेपूर्वी लॉक सोडावा, डिस्कनेक्टने ध्वज उभारून प्रतीक्षेत असलेल्या सर्वांना जागे करावे, आणि जागे झाल्यावर प्रत्येकाने लॉक घेऊन ध्वज पुन्हा तपासावा. माहिती आली का हे सांगणाऱ्या पोल फंक्शननेही अशा वेळी हँगअपचा संकेत द्यावा, नाहीतर वापरकर्त्याचा प्रोग्राम कधीच न येणाऱ्या माहितीची वाट पाहत राहील.

उत्तर : बोर्डबांधणी

वरील चर्चा फाइलच्या बाजूची झाली. हार्डवेअरच्या बाजूनेही हेच घडू शकते. डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारा व्यत्यय-संकेत) डेव्हएमच्याच क्रमाने सुटतो, म्हणजे रिमूव्ह (इतर ड्रायव्हरांतील डिस्कनेक्टसारखे फंक्शन) परतल्यानंतर. रिमूव्हमध्ये आपण हाताने एखादा बफर मुक्त केला किंवा क्लॉक बंद केला, तर त्या क्षणापासून इंटरप्ट सुटेपर्यंत त्याचा हँडलर (संकेत आल्यावर चालणारे फंक्शन) चालू शकतो. सामाईक इंटरप्ट असेल तर आपले उपकरण शांत असूनही शेजाऱ्यामुळे हँडलर बोलावला जातो. डीबग_शर्क हा पर्याय चालू करून कर्नल बांधला, तर सामाईक इंटरप्ट सोडताना तो मुद्दाम एकदा हँडलर बोलावून पाहतो, आणि अशी चूक टेबलावरच उघडी पडते. डेव्हएम आणि हाताने केलेली आवराआवर यांची सरमिसळ करू नये, असे मी माझ्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. एक तर सगळेच उलट क्रमाने डेव्हएमकडे सोपवावे, नाहीतर इंटरप्ट स्वतः सोडावा.

टायमर आणि वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची, म्हणजे 'वर्क'ची, रांग) एकमेकांना पुन्हा सुरू करत असतील, तर पेच अधिक बिकट होतो. आधी टायमर थांबवला तर चालू असलेले वर्क तो पुन्हा लावते. आधी वर्क थांबवले तर टायमर ते पुन्हा रांगेत टाकतो. यासाठी कर्नलच्या ६.२ या आवृत्तीत टायमर_शटडाउन_सिंक आले. त्यानंतर तो टायमर पुन्हा लावण्याचा प्रयत्न कोणी केला, तरी तो लागत नाही.

डीएमए करणाऱ्या (सीपीयूविना थेट मेमरीत लिहिणाऱ्या) उपकरणात क्रम आणखी काटेकोर पाळावा लागतो: आधी उपकरणाला लिहिणे थांबवायला लावावे, मगच मॅपिंग काढावे, आणि बफर सर्वांत शेवटी सोडावा. आयओएमएमयू (उपकरणांच्या मेमरी-प्रवेशावर नियंत्रण ठेवणारे हार्डवेअर) चालू असेल, तर मॅपिंग काढल्यानंतर आलेले लेखन साधारणपणे अडवले जाते. तो नसेल, तर ते त्या पानाच्या नव्या मालकावर जाऊन पडते. पीसीआय एक्सप्रेसचे कार्ड अचानक निघाले, तर त्याच्या रजिस्टरांचे वाचन सहसा सर्व बिट १ असलेले येते. त्यामुळे एखादा बिट शून्य होईपर्यंत फिरणाऱ्या लूपला कालमर्यादा नसेल, तर तो कधीच संपणार नाही.

प्रश्नकर्त्याकडून : मापनयंत्री

केरेफ आणि म्यूटेक्स यांनुसार बदल केल्यावर केसॅनची नोंद थांबली. मात्र आता वेगळीच अडचण उभी राहिली आहे. यंत्राचे कॅलिब्रेशन दाखवणारी एक सिसएफएस फाइलही मी दिली असून तिच्या शो फंक्शनमध्ये (फाइल वाचली जाताना चालणाऱ्या) तोच म्यूटेक्स घेतला आहे. डिस्कनेक्टमध्ये म्यूटेक्स धरूनच ती फाइल काढली जाते, आणि कोणी ती वाचत असेल तर कधी कधी दोन्ही बाजू कायमच्या थांबतात.

उत्तर : जुना_कर्नलकर

सिसएफएसचा स्वभाव सीडेव्हच्या अगदी उलट आहे. तेथील फाइल काढताना कर्नल चालू असलेली शो आणि स्टोअर फंक्शने संपेपर्यंत थांबतो, आणि त्यानंतर ती बोलावली जात नाहीत. म्हणून शो म्यूटेक्ससाठी थांबते आणि डिस्कनेक्ट शोसाठी. फाइल काढण्याची ओळ म्यूटेक्सच्या बाहेर आणा, शक्य तर म्यूटेक्स घेण्याच्याही आधी. लॉकडेप (लॉकच्या क्रमातील चुका शोधणारा कर्नलचा तपासनीस) चालू असेल तर ही गाठ प्रत्यक्ष अडकण्यापूर्वीच तो दाखवून देतो.

तपासणीसाठी दर वेळी केबल ओढण्याची गरज नाही. एका टर्मिनलमध्ये फाइल सतत वाचणारा प्रोग्राम चालू ठेवावा आणि दुसऱ्यात अनबाइंड व बाइंड आळीपाळीने करत राहावे. सोबत डीबग_कोबजेक्ट_रिलीज हा पर्यायही चालू ठेवावा. तो रिलीज फंक्शन मुद्दाम उशिरा बोलावतो, त्यामुळे एरवी वेळ जुळल्याने लपून राहणाऱ्या चुका बाहेर येतात.

उत्तर : गंजरोधक

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत ड्रायव्हर लिहिण्याचा विचार असेल त्यांच्यासाठी: रस्टचा प्राथमिक आधार डिसेंबर २०२२ मधील ६.१ या आवृत्तीत आला आणि पीसीआयसाठीची वेष्टने २०२५ मधील ६.१४ मध्ये. त्यात डेव्हरेस हा प्रकार आहे. तो रजिस्टरांचे मॅपिंग जोडणीच्या आयुष्याला बांधतो आणि जोडणी तुटल्यावर प्रवेश नाकारतो, त्यामुळे जुना_कर्नलकर यांनी सांगितलेली तपासणी विसरली तर सामान्यतः कोड कंपाइलच होत नाही. मात्र लॉकचा क्रम चुकून येणारे डेडलॉक (दोन बाजू एकमेकींसाठी कायमच्या थांबणे) रस्ट अडवत नाही. मापनयंत्री यांची सिसएफएसची गाठ तेथेही तशीच बसली असती.