प्रेस पासवर मिळालेल्या वस्तू: ठेवायच्या, परत करायच्या की विकायच्या?

क्रीडाडेस्क
आमच्या क्रीडा विभागासाठी भेटवस्तूंची नियमावली लिहायचं काम अंगावर आलंय. पैशाचं पाकीट वगैरे सरळ आहे, तिथे प्रश्न नाही. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. मुलाखत संपल्यावर खेळाडूने स्वतःहून दिलेले सही केलेले ग्लोव्हज, प्रेस बॉक्समध्ये प्रत्येक खुर्चीवर ठेवलेली टोपी, सामन्यानंतर टेबलावर पडून राहिलेली संघाची यादी. यातलं काय ठेवता येतं? ठेवलेलं काही वर्षांनी विकलं तर? 'अमुक रकमेपर्यंत चालेल' अशी मर्यादा घालावी म्हणतोय. किती असावी?

उपसंपादक_रात्रपाळी
रकमेची मर्यादा इथे चालत नाही. कोरा चेंडू स्वस्तच असतो. सही झाली की भाव बदलतो, खेळाडूने विक्रम केला की पुन्हा बदलतो. आज मर्यादेत बसलेली वस्तू दोन हंगामांनी बसेलच असं नाही. त्यामुळे सहीच्या वस्तूंसाठी मर्यादा शून्य.

सही मागणं तर पूर्ण बंद. बहुतेक मोठ्या स्पर्धांच्या अक्रेडिटेशनच्या, म्हणजे पत्रकारांच्या प्रवेश-परवान्याच्या, अटींतच त्याला मनाई असते. मिक्स्ड झोनमध्ये, म्हणजे सामन्यानंतर खेळाडू पत्रकारांशी बोलतात तिथे, बॅट पुढे केली की प्रवेशाचं कार्ड जाऊ शकतं, आणि पुढच्या वेळी संस्थेचे पासही कमी होऊ शकतात. अमेरिकेतल्या एसपीजे या पत्रकार संघटनेची आचारसंहिता भेटवस्तू आणि खास वागणूक नाकारायलाच सांगते.

खुर्चीवरची टोपी खुशाल घाला, पण विकू नका. लिलावाच्या साइटवर तिला भाव येतो तो 'फक्त पत्रकारांना दिलेली' असं लिहिल्यामुळे. यादीची वाटलेली छापील प्रत म्हणजे कामाचा कागद, ती ठेवली तरी हरकत नाही. डगआउटच्या भिंतीवर चिकटवलेली, प्रशिक्षकाच्या हातची प्रत मात्र संघाची. जमिनीवर पडलेली दिसली तरी उचलायची नाही.

बिल्लेसंग्राहक
विक्री सरसकट वाईट, हे जरा ताणलंय. वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम लढत, तिचे प्रेस पिन (पत्रकारांचे बिल्ले) १९११पासून निघतायत. पत्रकाराने कोटावर लावायचे, तीच त्याची ओळख. आज संग्राहकांच्या बाजारात त्यांचं स्वतंत्र दालन आहे, आणि पिन मुळात दिले होते पत्रकारांनाच. निवृत्त बातमीदाराच्या घरच्यांनी कपाटातला पिन विकला तर कुठली बातमी वाकडी होणार? नोकरीतला आणि निवृत्त असे दोन वेगळे नियम करा, नाहीतर सगळंच कागदावर राहील.

फोटोमॅच
पिनांबद्दल सहमत. सामन्यात वापरलेल्या जर्सीचं प्रकरण वेगळं. फेब्रुवारी २०१७मध्ये ह्यूस्टनला सुपर बोलनंतर, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर, टॉम ब्रेडी या खेळाडूची जर्सी लॉकर रूममधून गायब झाली. पोलिसांनी किंमत लावली ५ लाख डॉलर. पुढच्याच महिन्यात ती सापडली मेक्सिकोतल्या एका दैनिकाच्या संचालकाकडे. हे गृहस्थ प्रेस पासवर आत गेले होते. सोबत ब्रेडीची २०१५ची जर्सीही निघाली.

पण चोरी ही चोरीच, त्याला नियमावली कशाला? तुमच्या डेस्कवर जास्त घडेल ते वस्तू खरी असल्याच्या प्रमाणपत्राचं. जर्सीची खात्री करताना सामन्याचा मोठा फोटो घेऊन डाग, उसवलेला टाका, शिलाईतला वाकडेपणा कापडाशी जुळवतात. जाळीदार कापड असेल तर नंबराच्या कडेला भोकं कुठे अर्धी कापली गेलीत ते बघायचं. दोन जर्सींत ते सहसा सारखं येत नाही. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने तर २००१पासून मैदानातच माणूस ठेवलाय, बहुधा आजी-माजी पोलीस. वस्तू नजरेआड होण्याआधी तो नंबर असलेला होलोग्राम लावतो. सोलायला गेलं की होलोग्राम फाटतो.

यातलं काहीच नसलं की विक्रेता पत्र शोधतो: 'मी हजर होतो, माझ्यासमोर दिली.' असं पत्र द्यायला बातमीदाराइतका सोयीचा माणूस नाही. म्हणून पदनाम, लेटरहेड, पासचा फोटो कुठल्याही विक्रीत वापरायचा नाही, मित्राच्या वस्तूसाठीही नाही. माल खोटा निघाला की गिऱ्हाईक तुमच्या कचेरीत येऊन उभं राहतं.

क्रीडाडेस्क
आणि ग्लोव्हज? तोंडावर नाही म्हटलं तर खेळाडू दुखावतो, पुढची मुलाखत गेली.

उपसंपादक_रात्रपाळी
घ्या, आणि त्याच दिवशी डेस्कवर जमा करा. दोन फोटो काढा, एक पूर्ण वस्तूचा, एक सहीचा जवळून. रजिस्टरमध्ये तारीख, सामना, देणारा, घेणारा, कोणासमोर दिली ते लिहा. मग संघाच्या मीडिया मॅनेजरमार्फत परत पाठवा, सोबत संपादकाच्या सहीचं दोन ओळींचं पत्र. बातमीदाराची सही नको, म्हणजे राग आला तरी नियमावर येतो. परत घेत नसतील तर खेळाडूला कळवून दान करा, पण त्या दानाच्या लिलावात आपल्यापैकी कोणी बोली लावायची नाही. सगळं फसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: ग्लोव्हज संपादकांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत जाऊन बसतात. मग खालच्यांना काय तोंडाने सांगणार?

पुरस्काराला मत देणाऱ्यांसाठी वेगळं कलम घालाच. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीसाठी, बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेतले किमान दहा वर्षं जुने सदस्य मत देतात, निवडीला ७५ टक्के मतं लागतात. निवड झाली की त्या खेळाडूची सही महागते. मतदाराच्याच कपाटात ती असली तर? तेव्हा मतदानाआधी वस्तूंची यादी द्यायची, आणि उमेदवाराची एक जरी वस्तू असली तर त्या वर्षी मत द्यायचं नाही. वस्तू बायकोच्या किंवा भावाच्या नावावर असली तरी हेच.