करिंथकरांचं पत्र तरुण संघात कसं घेऊ? मंडळीत दोन गट पडलेत

संत्रानगरी_२२
सर्वांना सलाम. मी नागपुरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाचं काम बघतो. पाळकसाहेब म्हणाले की दर शुक्रवारी साडेसहाच्या बायबल स्टडीत आता प्रेषित पौलाची, म्हणजे त्याने पहिल्या शतकातल्या मंडळ्यांना लिहिलेली पत्रं घे. मला करिंथकरांस, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र घ्यायचंय, कारण आमच्याकडे सध्या तेच चालू आहे, जुने पाळक बदलून गेले त्यांची माणसं एकीकडे नव्यांची एकीकडे, आणि पहिल्या अध्यायात हेच आहे ना, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा मी अपुल्लोस या उपदेशकाचा, तिसरा मी केफाचा म्हणजे पेत्राचा. पण मी शिकवायला उभा राहिलो की दोन्हीकडचे म्हणणार हा आम्हालाच टोमणे मारून राहिला. ईस्टरच्या रात्री प्रीतिभोजनाला तर हद्द झाली. कूलरसमोरच्या खुर्च्या रुमाल टाकून धरलेल्या, एकमेकांकडे बघणं नाही, आणि जेवण साडेआठचं ठरलं असताना साडेसातलाच वाढायला घेतलं. हिंगणा एमआयडीसीत बारा तासांची पाळी करणारी आमची तीन पोरं पावणेनऊला डबा खांद्याला लटकवून पोचली तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा होता. असो. तर सुरुवात कुठून करू, कोणी सांगेल का?

जुनी_उपासक
बाळा, तू "असो" म्हणून जे सोडून दिलंस ना, तिथूनच सुरुवात कर. अकरावा अध्याय काढ, सतराव्या वचनापासून. करिंथमध्येही गट होतेच, ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी पौलाला इफिसात येऊन सांगितलं, पण तो सगळ्यात जास्त कळवळून बोलतो ते जेवणावर. एक जण आधीच जेवून घेतो, एक उपाशी राहतो, एक पिऊन तर्र होतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही खाली मान घालायला लावता, हे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीचं जेवण, नव्हेच असं तो सरळ लिहितो. तेव्हा चर्चच्या इमारती नव्हत्या, ज्याचं घर मोठं त्याच्याकडे मंडळी जमायची, आणि रोमी पद्धतीच्या जेवणाच्या खोलीत नऊएक माणसं टेकून बसली की खोली भरली, बाकीचे बाहेर अंगणात. शिवाय रविवार काही सुट्टीचा दिवस नव्हता! ती सुट्टी कॉन्स्टंटाईन बादशहाने सन ३२१ मध्ये दिली, पौलाच्या पत्रानंतर अडीचशेच्या वर वर्षांनी. म्हणजे गुलाम आणि मजूर काम उरकूनच येणार, उशिरा. बरेच अभ्यासक त्या भांडणाचं मूळ इथेच बघतात. आणि पौलाचा उपाय काय, तर जेवायला जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा, बस. तुझ्या त्या तीन पोरांचं पातेलं डोळ्यासमोर ठेवून वाच, मला तर तुझा मजकूर वाचून गलबलून आलं.

पंगत_एकच
काकूंचं अगदी बरोबर. माझ्याकडून गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय जोडतो. अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्यांसोबत जेवत होता, मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून माणसं आली तसा तो हळूच बाजूला झाला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. विचार करा भाऊ, वाद सुरू झाला तो कोण कोणासोबत जेवतो इथून, आणि त्यातूनच विश्वासाने नीतिमान ठरण्याची शिकवण एवढी ठासून मांडली गेली. आपण विदर्भातली माणसं, वेगळी पंगत म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली ती या अपमानाला कंटाळूनच. आपल्या ख्रिस्ती घरांमध्ये अजूनही सोयरीक बघताना आधी पूर्वीची जात विचारतात, हे मला फार लागतं. पोरांसमोर हे स्पष्ट बोला.

फिबीची_मैत्रीण
थोडं वेगळं मत आहे, रागावू नका. पत्र हातात काठीसारखं धरलं की समोरचा कान बंद करतो. पौल त्या भांडकुदळ करिंथकरांनाही आधी पवित्र जन म्हणतो, त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानतो, मग रागावतो. आणि एक करून बघा दादा, सुटी वचनं काढू नका, अख्खं पत्र मोठ्याने वाचा. ती पत्रं मंडळीत वाचून दाखवायलाच लिहिलेली, कलस्सैकरांना तर तो सांगतो की हे वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचायला द्या. अध्याय तेराव्या शतकात पडले, वचनांचे आकडे १५५१ मध्ये, त्याआधी कोणाला एक वाक्य उचलून दुसऱ्यावर फेकणं इतकं सोपं नव्हतं. आम्ही महिला संघात फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाचलं, वीस मिनिटं पण नाही लागली, आणि चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे यांनी एकचित्त व्हावं अशी विनवणी आली तेव्हा दोन वर्षं न बोललेल्या आमच्या दोघी जणी एकाच चटईवर बसल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. चहाचा कप मात्र एकीने दुसरीकडे सरकवला.

संत्रानगरी_२२
काकू, ताई, भाऊ, मनापासून आभार. अकरावा अध्याय घेतोय, पण आधी पूर्ण पत्र वाचून, दोन बैठकीत. काल त्या तिघांना फोन केला की तुम्ही या, वाचन तुम्हीच करा. एक जण म्हणाला दादा, आठ ते आठ ड्युटी असते, साडेसहाला कसं येणार. वर्षभर मी हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहून राहिलो होतो आणि एकदाही विचारलं नाही. या शुक्रवारपासून रात्री नऊला ठेवलंय, आमच्या गच्चीवर, जेवण ते आल्यावर.